बिनगिलाव्याचं विहार

ताडकळसच्या अलीकडं एरंडसांगवी म्हणून एक गाव आहे. तिथल्या बौद्ध वस्तीत घर केव्हा पूर्ण झालं म्हणायचं, याची रीत ठरलेली आहे. पाया भरला, भिंती आल्या, वर स्लॅब पडला, माणसं आत राहायला गेली, लेकरं झाली, ती शाळेत जायला लागली, तरी घर झालं असं कुणी म्हणत नाही. समोरच्या भिंतीला गिलावा लागला की मग झालं. त्या दिवशी शेजारपाजाऱ्यांना बोलावून चहा आणि चिवडा. सोयरीक घेऊन आलेला पाहुणासुद्धा आधी भिंतीकडं बघतो आणि मग नवरदेवाकडं. उघडी वीट दिसली की समजायचं, इथं हात आखडला.

अशा वस्तीत दिनकररावांच्या धम्मशीलानं विहार बांधायला घेतलं आणि पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, की याला गिलावा करायचा नाही. आतून नाही आणि बाहेरूनही नाही.

दिनकरराव विहार समितीचे अध्यक्ष. पूर्णा जंक्शनला रुळांच्या कामावर सगळी हयात काढून निवृत्त झालेले. पांढरा सदरा, खिशाला पेन, बोलणं मोजकं. लेक आर्किटेक्ट झाली तेव्हा हा शब्द त्यांनी आरशासमोर उभं राहून घोकला होता, कारण वस्तीत सगळे तिला इंजिनेर म्हणायचे आणि ते त्यांना खपत नव्हतं. "इंजिनेर इमारत पडू देत न्हाई. आर्किटेक्ट ती कुणासाठी बांधायची ते बघतो," असं लेकीनं त्यांना सांगितलं होतं, आणि ते भेटेल त्याला सांगत सुटायचे. बैठकीत ती बोलत होती तेव्हाही त्यांची मान डोलत होती. घरी येताना मात्र मनात एकच घोळत होतं. गिलावा नाही म्हणजे काय?

तिनं काम ज्या तऱ्हेनं सुरू केलं ते मात्र बघण्यासारखं होतं. जुनं विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. उन्हाळ्यात वंदना बाहेर लिंबाखाली व्हायची. "आत उदबत्तीची गरजच न्हाई, माणूस भाजल्याचा वास आपोआप सुटतो," असं सरजाबाई म्हणायच्या. सरजाबाई म्हणजे दिनकररावांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला तशी ती भावाकडं आली, आणि पुढं धम्मशीलाची आई गेल्यावर पोरीला तिनंच लहानाचं मोठं केलं. दिवाळी झाली की नदीकाठच्या वीटभट्टीवर जायची, चिखल तुडवायचा, साच्यातनं विटा पाडायच्या, यातच तिचं अर्धं आयुष्य गेलं. तोंडानं फटकळ, पण भाचीवर जीव टाकणारी.

धम्मशीला पुण्याच्या नोकरीतून रजा काढून आली आणि बरेच दिवस वस्तीत नुसती हिंडली. म्हाताऱ्या सकाळी कुठल्या उन्हाला बसतात, दुपारी सावली कुणाच्या भिंतीला सरकते, पोरी अभ्यासाला कुठं कोपरा शोधतात, बायका बैठकीला आल्या की दारातच का उभ्या राहतात, हे बघत. कुणाच्या ओट्यावर तासन्‌तास बसायची, कुणाच्या चुलीपाशी चहा प्यायची. लोक म्हणायला लागले, दिनकररावांची पोरगी शिकून शिकून रिकामटेकडी झाली. दिनकररावांनाही एकदा वाटून गेलं, की हिचं कागद-पेन्सिल हरवलं की काय.

मग एके दिवशी तिनं मुंजाजी गवंड्याला चुन्याची फक्की आणायला लावली, लिंबाशेजारच्या मोकळ्या जागेवर विहार खरंखुरं, पूर्ण मापाचं आखलं आणि सगळ्या वस्तीला बोलावलं.

"हे दार," ती म्हणाली. "या आत."

लोक एकमेकांकडं बघून हसले. पण सरजाबाई पुढं झाल्या. चुन्याच्या रेघेपाशी थांबल्या, पायातली चप्पल काढली आणि मग पाऊल आत टाकलं. त्यांच्या मागून सगळ्यांनी चपला काढल्या. वर आभाळ, चहूबाजूंनी उघडं रान, आणि सगळी वस्ती अनवाणी पायांनी, रेघा न तुडवता, दारातूनच आत-बाहेर करायला लागली. दिनकररावांच्या अंगावर सरसरून काटा आला. नसलेल्या इमारतीत त्यांच्या लेकीनं माणसं वावरायला लावली होती.

"अन् ही खिडकी इतकी खाली कामून गं?" सरजाबाईंनी विचारलं. धम्मशीलानं काठी धरून दाखवलेली खिडकी गुडघ्यापासून सुरू होत होती.

"आत्या, आपण विहारात खुर्चीवर बसतो का खाली?"

"खालीच की."

"मग खाली बसल्यावर तुला लिंब दिसाय नको? खिडकी बसणाऱ्याच्या डोळ्याला पाहिजे, उभं राहून फोटो काढणाऱ्याच्या न्हाई."

सरजाबाई तिथंच मातीत बसल्या, काठीच्या वरून बघितलं आणि म्हणाल्या, "दिसायलाय."

मग धम्मशीलानं एकेक दाखवत नेलं. तीन बाजूंना दारं, म्हणजे कुणी मागं राहिलं असं होणार नाही आणि बायकांना पुरुषांच्या घोळक्यातून यावं लागणार नाही. भिंतीच्या कडेनं बाहेर सलग ओटा, वाटसरूनं कुणाला न विचारता बसावं म्हणून. सकाळी वंदना, दिवसभर पोरापोरींची अभ्यासिका, संध्याकाळी बचतगटाची बैठक, आणि ज्याच्या घरात लग्नाला जागा नाही त्याचं लग्नही इथंच. रस्त्याकडची भिंत मावळतीची. तिच्यात एक सोडून एक वीट, मध्ये हाताचा पंजा जाईल एवढी भोकं. ऊन पुढच्या पडवीतच अडेल, वारं तेवढं आत येईल, आणि तापलेली हवा स्लॅबखालच्या झरोक्यांतून निघून जाईल. पंख्यावाचून बसता आलं पाहिजे, कारण उन्हाळ्यात आपल्याकडं वीज पाहुण्यासारखी येते, असं ती म्हणाली तेव्हा सगळे हसले.

"अन् गिलावा?" मागून कुणीतरी विचारलंच.

"वीटच भार उचलणार हाय ना? मग तिनंच तोंड कामून लपवायचं? जे हाय ते दिसू द्या. इमारतीनं खोटं बोलू नये. अन् गिलाव्याचं जे वाचेल त्यात पोरांना टेबलं अन् पुस्तकांची कपाटं होतील. बघणाऱ्याच्या आधी वापरणाऱ्याचं बघायचं."

एवढ्या सगळ्यातून दिनकररावांनी नेमका एकच शब्द उचलला. वाचेल. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, निदान त्यांना तसं वाटलं.

त्याचं असं आहे. दिनकरराव नवीन नवीन नोकरीत होते तेव्हा त्यांच्या डब्यात भाकरी आणि लाल चटणी एवढंच असायचं. जोडीदारांनी भाजी पुढं केली की ते म्हणायचे, "नको, मला साधंच बरं." एकच धड सदरा होता तेव्हा म्हणायचे, "मला पांढराच आवडतो." झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्यांच्या आयुष्याचा कायदा. पुढं पगार वाढला, डब्यात भाजी आली, पण साधंच बरं हे तोंडातून गेलं नाही. पांढरा सदराही गेला नाही. तेव्हा लेक चार लोकांत म्हणाली, की गिलावा नकोच, वीटच चांगली, तेव्हा त्यांना वाटलं, ही माझीच लेक. फंड कमी आहे हे हिला ठाऊक आहे. वस्तीची लाज राखायला पोरगी शहाण्यासारखं बोलायलीय. त्यांना तिचं कौतुक वाटलं आणि तितकंच वाईटही वाटलं. म्या एवढं शिकवलं, तरी माझ्या पोरीला मह्यासारखंच बोलावं लागावं?

जावं त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात. दिनकरराव गेले होते गरिबीच्या वंशाला, पण लेक कधी गेलीच नव्हती. एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही.

भिंती वर आल्या. विटा नदीकाठच्याच भट्टीच्या होत्या. सरजाबाई यंदा गुडघ्यामुळं भट्टीवर गेल्या नव्हत्या, पण या विटा गेल्या हंगामात त्यांच्या टोळीनं पाडलेल्या. बांधकाम चालू असताना त्या रोज येऊन ओट्यावर बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "ह्या आमच्या हातच्या बरं का." स्लॅब पडला, सेंट्रिंग निघालं, तशी दुपारची झोप त्यांनी घरातून इथं आणली. मावळतीच्या भिंतीपाशी सतरंजी टाकायची, भोकांतून वारं अंगावर घ्यायचं. त्यांचं बघून आणखी बाया आल्या, तान्ही लेकरं आली. चैत्राचं ऊन बाहेर मी म्हणत असायचं आणि इथं लेकरं गाढ झोपलेली असायची. विहाराचं उद्घाटन बुद्धपौर्णिमेला ठरलं होतं, पण वस्तीनं ते आधीच परस्पर उरकून टाकलं होतं.

धम्मशीला समाधानानं पुण्याला गेली. रजा संपली होती. पौर्णिमेच्या आधी येते म्हणाली.

ती गेली आणि व्यंकटराव आले. व्यंकटराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, मागं सरपंचही होते. माणूस वाईट नाही, फक्त आपल्या चांगुलपणाचा आवाज त्यांना फार आवडतो. त्यांनी रस्त्यावर बुलेट थांबवली, पडवीतून त्या भोकांच्या भिंतीकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "दिनकरराव, पोरीनं काम तर झकास केलंय. पण गिलाव्याला सिमेंट पुरलं न्हाई का? अन् विटाही कमी पडलेल्या दिसायल्यात, भोकं तशीच हायेत. लाजायचं कशाला? सांगा, घरी पडलंय थोडं, पाठवून देतो."

ओट्यावर चारजण बसलेले होते. सगळ्यांनी खाली बघितलं.

"पुरलंय," दिनकरराव म्हणाले. "आमाला साधंच बरं."

बोलून गेले आणि त्यांची त्यांनाच शरम वाटली. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून पूर्णेला गेले आणि आपल्या स्वतःच्या पैशानं सिमेंट घेऊन आले. लेकीनं वस्तीची लाज राखली, आता बाप लेकीची राखणार होता. तिला यातलं काही कळवायचं नाही, आल्यावर एकदम दाखवायचं, असं ठरलं.

मुंजाजी गवंडी चुळबुळला. "ताई तर म्हणल्या होत्या, जाळी बुजवायची न्हाई."

"ताई तुझी असेल," दिनकरराव म्हणाले. "पोरगी माझी हाय."

मुंजाजीनं थापी उचलली. वस्तीतल्या निम्म्या माणसांच्या हातात थापी असते, निम्म्यांच्या डोक्यावर घमेलं. सगळे हौसेनं लागले. फुकट. दिनकररावांच्या लेकीचं काम अर्धं राहू द्यायचं नाही म्हणून कुणी परभणीचा रोज बुडवून आलं. रस्त्याकडची भिंत आधी घेतली, कारण ती दिसते; बाकीच्या तीन मागाहून. भोकं विटांनी बुजवली, दोन्ही अंगांनी गिलावा ओढला, पाणी मारलं. एवढी गुळगुळीत, की मुंजाजीनंच तिच्यावरून हात फिरवून मान डोलावली. प्रेमानं केलेली चूकसुद्धा किती नेटकी असते, हे त्या भिंतीकडं बघून कळलं असतं. सरजाबाई तेव्हा जिंतूरकडं पुतणीच्या बाळंतपणाला गेलेल्या होत्या.

पौर्णिमा आठवड्यावर आली आणि धम्मशीला एसटीतून उतरली. दिनकरराव तिला घ्यायला फाट्यावर गेले होते. ही तऱ्हा नवीनच होती. बॅग त्यांनी घेतली आणि घराकडं न वळता सरळ विहाराकडं चालायला लागले. मिशीत हसू मावत नव्हतं.

"बघ," ते म्हणाले.

धम्मशीला रस्त्यावर थांबली. वाटेत मागं लागलेली वस्तीतली माणसंही थांबली. पांढुरकी, सपाट, कोरी भिंत पडवीच्या सावलीतही उठून दिसत होती.

"सगळ्यांनी मिळून केलं," दिनकरराव घाईघाईनं बोलायला लागले. "तू फंडाची फिकीर करायलतीस, मला काय कळत न्हाई का? कुणाकडनं काही घेतलं न्हाई. आपलंच. आता कुणी म्हणणार न्हाई दिनकररावच्या पोरीचं काम अर्धवट ऱ्हायलं म्हणून."

ती पुढं गेली. भिंतीला हात लावला. जिथं भोकं होती तिथून बोटं फिरवत नेली. मग वळून हसली.

"छान झालंय, आबा. मला असंही बरंच वाटतंय."

आणि दिनकररावांच्या मिशीतलं हसू विझलं.

तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. भाजी पुढं केल्यावर डबा झाकून घेणाऱ्या माणसाचा आवाज. उभी हयात त्यांनी तो स्वतःच्या तोंडून ऐकला होता, तो त्यांना फसवू शकत नव्हता. हे 'बरं वाटतंय' खोटं होतं. म्हणजे मग बैठकीतलं, चुन्याच्या रेघांत उभं राहून म्हणालेलं ते सगळं? तेव्हा तिचा आवाज असा नव्हता. तेव्हा तो खणखणीत होता. पोरगी तेव्हा काही झाकत नव्हती. तिला वीटच हवी होती. तिला खरंच वीट हवी होती, आणि बापानं आपल्या जन्माची गरिबी तिच्या तोंडात घातली होती.

धम्मशीला आत जाऊन बसली, तसे तेही दारातून वाकून बघते झाले. अभ्यासाची पोरं पुस्तक घेऊन बाहेर लिंबाखाली गेलेली. आत कुणीच नव्हतं. ओल्या सिमेंटचा वास आणि कोंडलेली धग. भिंतीला टेकून ती एकटी बसली होती आणि ओढणीनं मान पुसत होती. त्यांनी बघितलंय हे कळल्यावर पुन्हा हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरजाबाई जिंतूरहून आल्या. पिशवी घरात टाकली, सतरंजी काखेत मारली आणि सवयीनं विहारात गेल्या. दिनकरराव ओट्यावर बसले होते. बहीण आत गेली आणि पाऊल उमटायच्या आत परत आली.

"दिनू, भिंतीला काय केलं रे?"

"गिलावा केला अक्का."

"अन् विटा?"

"आतच हायेत की."

सरजाबाई भिंतीकडं बघत राहिल्या. फटकळ बाई, पण त्या वेळी तिनं आवाज चढवला नाही. सतरंजी उलगडून पुन्हा गुंडाळली.

"मह्या हातनं किती विटा गेल्या, त्याला काही गणती हाय का?" त्या म्हणाल्या. "परभणीत गेल्या, नांदेडात गेल्या, कुणाच्या माड्या झाल्या, कुणाचे बंगले झाले. एसटीतनं जाताना म्या बघायची, यातली आपली कोणची. एक दिसली न्हाई. सगळ्या झाकलेल्या. ही पहिली भिंत, दिनू, जिथं मही वीट मला दिसली. शीला म्हणली होती, आत्या, ह्या कुणी झाकणार न्हाई. तूच पुरून टाकल्या व्हय?"

एवढं बोलून त्या लिंबाखाली गेल्या आणि रस्त्याकडं पाठ करून आडव्या झाल्या.

दिनकरराव उठले, मुंजाजीच्या घरी गेले आणि त्याची छन्नी आणि हातोडा मागून आणला. मुंजाजी पाठोपाठ आला. त्यानं समजावून बघितलं, की पौर्णिमा तोंडावर आली, पाहुणे येणार, आता भिंत फोडली तर ना धड इकडची ना तिकडची. पौर्णिमा होऊ द्या, मग बघू. म्हणणं वाजवी होतं. दिनकररावांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि रस्त्यावरच्या सगळ्यांदेखत पहिला घाव घातला.

ठक्‌ठक्‌ ऐकून धम्मशीला घरातून पळत आली.

"आबा, काय करायलात? ऱ्हाऊ द्या. विटा फुटतील."

"फुटल्या तर फुटल्या."

"लोकांनी एवढ्या प्रेमानं केलंय, आबा. मला खरंच चालतंय."

दिनकररावांनी हातोडा खाली केला. तोंडावर सगळी धूळ.

"शीला," ते म्हणाले, "तू मह्यासारखं बोलू नको. तुला शोभत न्हाई ते. तुला काय पायजे ते मोठ्यानं बोल, त्या दिवशी बोललीस तसं. म्या तुला त्याच्यासाठी शिकवलं."

धम्मशीला तिथंच रडायला लागली. आदल्या दिवसापासून अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं. मग डोळे पुसले, त्यांच्या हातातून छन्नी घेतली आणि म्हणाली, "अशी सरळ न्हाई मारायची. तिरपी धरा. आधी भोकांतल्या विटा काढू, त्यांचा सांधा अजून कच्चा हाय. गिलावा मागून."

थोड्या वेळानं मुंजाजी परत आला, घरून दुसरी छन्नी घेऊन. मग ज्यांनी गिलावा ओढला होता तेच एकेक करून आले. कुणी कुरकुरलं, कुणी हसलं, "लावायला फुकट, काढायलाही फुकट" म्हणून कुणी टोमणा मारला, पण घरी कुणी गेलं नाही. भोकं एकेक करून उघडत गेली. पहिलं आरपार झालं तेव्हा रस्त्याकडून वाऱ्याची झुळूक थेट आतल्या अंगाला उभ्या दिनकररावांच्या धुळीनं भरलेल्या तोंडावर आली, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. कागदावर रेघ ओढताना आपल्या लेकीला हे आधीच कळलं होतं, की इथं एक माणूस घामेजून उभा राहील आणि त्याला वारं लागेल. अजून न आलेल्या माणसाची एवढी काळजी कुणी करतं? एवढी मोठी विद्या आपल्या घरात येऊन बसली आणि आपण तिला फंडाचा तुटवडा समजलो, या विचारानं त्यांना हसूही आलं आणि भरूनही आलं.

सगळा गिलावा काही निघाला नाही. काही विटांचे कोपरे उडाले, काहींवर सिमेंटचे पांढरे डाग तसेच राहिले. बाकीच्या तीन भिंती तांबड्या, स्वच्छ, आणि ही एक देवी आलेल्या तोंडासारखी. मुंजाजीनं धम्मशीलाला विचारलं, की रंग लावून डाग झाकायचे का, तर ती म्हणाली, "झालंय ते झालंय. दिसू द्या."

पौर्णिमेला विहार भरून गेलं. बुद्धमूर्तीच्या बाजूला बाबासाहेबांचा फोटो, झेंडूच्या माळा, पांढऱ्या लुगड्यांची दाटी. वीज नेहमीप्रमाणे ऐन वंदनेत गेली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. बायका दोन्ही बाजूंच्या दारांनी आत आल्या आणि थेट पुढं येऊन बसल्या. सरजाबाई त्या डागांच्या भिंतीपाशी, आपल्या जुन्या जागेवर. व्यंकटराव आले होते. त्यांच्यासाठी कुणीतरी खुर्ची आणायला पळालं, तर धम्मशीला म्हणाली, "काका, खालीच बसा. खिडकी त्याच हिशोबानं केलीय." ते बसले. समोर लिंब दिसला. पाठीमागून वारं यायला लागलं. भाषणं चालू झाली आणि व्यंकटरावांनी वरचं बटण सोडलं, मान भिंतीला टेकवली आणि दुसरं भाषण संपायच्या आत त्यांना छान डुलकी लागली. इमारतीला याहून मोठी पावती त्या दिवशी कुणी दिली नाही.

जेवणं झाल्यावर निघताना ते पडवीत थांबले. डोळे चोळत त्यांनी भिंतीकडं बघितलं. जित्याची खोड. भोवती पाहुणे, परभणीचे, पूर्णेचे, रेल्वेतले जुने जोडीदारही उभे.

"बाकी सगळं झकास, दिनकरराव," ते मोठ्यानं म्हणाले. "पण ह्या भिंतीचा गिलावा तेवढा ऱ्हायलाच की."

सगळे दिनकररावांकडं बघायला लागले. धम्मशीलाही बघत होती. आता आबा साधंच बरं म्हणणार, असं तिला वाटलं.

"ऱ्हायला न्हाई, व्यंकटराव," दिनकरराव म्हणाले, तिच्याइतक्याच खणखणीत आवाजात. "केलता. म्या मह्या हातानं काढला." आणि बहिणीला हाक मारली. "अक्का, बाहेर ये. ह्यांना दाखव, तुह्या विटा कोणच्या त्या."